भोंगा वाजला नाही म्हणजे

गावाच्या अलीकडे एक उतार लागतो. तिथे आले की साहेब मोटरसायकलचं इंजिन बंद करायचे आणि गाडी नुसती सोडून द्यायचे. गाडी कधीच ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत पोचायची नाही. हातपंपाजवळ थांबायची. मग साहेब खाली उतरून ती ढकलत आणायचे. नव्या माणसाला वाटायचं, पेट्रोल संपलं. एकदा शाळेची पोरं मदतीला धावली आणि मागून ढकलू लागली, तर साहेब म्हणाले, "ढकला, पण चपला घासू नका."

हॉर्न त्या गाडीला नव्हताच. गाडी घेतली त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः वायर कापली होती. मी विचारलं, "साहेब, रस्त्यात गाय आली तर?"

"थांबायचं. ती जाईल. गायीला बसायचं असलं तर बसेल. तिचाही रस्ता आहे."

ते आमचे ग्रामसेवक होते. मूळचे सिरोंच्याकडचे, घरात तेलुगू बोलणारे. मराठी चांगली बोलायचे, पण घाई झाली की वाक्याच्या मधेच "चूडु, चूडु" म्हणायचे, म्हणजे बघा, बघा. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होते, अजूनही आहे. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली आमच्या घरातली पहिली मी, आणि गावातल्या बायकांमध्येही पहिलीच. हे मी नेहमी सांगते, कोणी विचारायची वाट बघत नाही. साहेब रुजू झाले त्या दिवशी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "छान. थोडं हळू सांगितलं असतं तरी बी.ए.च राहिलं असतं." त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायला लागले. त्यात अर्धा मान होता आणि अर्धा टोमणा. कोणता अर्धा कधी चालू आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांना आवाज सहन व्हायचा नाही. ऑफिसातला पंखा कुरकुरायचा म्हणून ते मे महिन्यातही तो बंद ठेवायचे, आणि आम्ही घामाने ओले होऊन जन्म-मृत्यूचे दाखले काढायचो. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून टेबलाच्या खणात टाकला होता. "वेळ टिकटिक केल्याशिवाय पण जाते, मॅडम." त्यांचा फोन साधा, बटनांचा. त्याची घंटी बंद असायची, त्यामुळे कोणाचा फोन आला ते कळावं म्हणून तो दिवसभर हातात धरून फिरायचे, टॉर्च धरल्यासारखा.

आणि फिरायचे म्हणजे खरंच फिरायचे. हा माणूस बसायचा नाही. कपाटापासून दारापर्यंत, दारापासून कपाटापर्यंत, अनवाणी. सही खिडकीच्या कट्ट्यावर करायचे. कोणी काम घेऊन आलं की त्याने साहेबांच्या मागे मागे चालत आपलं गाऱ्हाणं सांगायचं. म्हातारी माणसं एक फेरी मारून थकायची आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणायची, "बाई, तूच सांग त्याहिले. माया दम गेला." माझी आई एकदा घरकुलाच्या कामासाठी आली होती. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "ह्या मानसाच्या तळपायात कोनं मुंग्या सोडल्या हायेत?"

साहेबांनी ऐकलं. न थांबता म्हणाले, "जन्मापासून आहेत, बाई."

ते येण्याआधी आमचं गाव भोंग्याचं गाव होतं. ग्रामपंचायतीच्या छतावर मोठा भोंगा, आत अँप्लिफायर आणि माइक. ज्याच्या मनात येईल तो यायचा आणि बोलायचा. सिलिंडरची गाडी आली. रेशन आलं. कोणाचा मोबाइल सापडला. सरपंचाच्या साळ्याने एकदा आपल्या लग्नाची पूर्ण पत्रिका वाचून दाखवली होती, मामाकडच्या सगळ्या नावांसकट. साहेब पहिल्यांदा आले तेव्हा भोंग्यावर कोणाच्या तरी हरवलेल्या बकरीचं वर्णन चालू होतं. पाठीवर पांढरा डाग, डावा कान फाटका, गळ्यात लाल सुतळी. साहेब दारातच कानात बोटं घालून उभे राहिले. बोलणारा थांबल्यावर विचारलं, "सापडली?"

"नाई ना सायेब. सकाळपासून सांगून राह्यलो."

"मग तिनेही ऐकलं असेल. लपून बसली असेल."

पहिल्याच ग्रामसभेत त्यांनी ठराव ठेवला. भोंगा दोनच गोष्टींसाठी वाजेल, आग आणि वाघ. बाकी सगळं बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचं. लोक कुरकुरले, पण साहेब सभेच्या भोवती फेऱ्या मारत बोलत होते आणि त्यांच्याकडे बघता बघता सगळ्यांच्या माना दुखायला लागल्या, म्हणून ठराव लवकर पास झाला असं माझं मत आहे. माइक राहिला की माणूस बोलणारच, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी माइकच काढून टाकला. धानोऱ्याचे एक मंडपवाले चाचा आहेत, लग्नातले साउंड, खुर्च्या, पडदे सगळं त्यांचंच. साहेबांनी माइक वायरसकट त्यांना देऊन टाकला.

चाचा हातात माइक घेऊन बघतच राहिले. "साब, माइक मेरेको दे दिया तो भोंगा बोलेगा कैसे?"

"कंप्यूटर बोलेगा."

"कंप्यूटर रूठ गया तो?"

"वो शरीफ है. मुंह बंद रखता है," साहेब म्हणाले.

आता वाघाचं सांगते. चैत्रात मोह पडतो तेव्हा आमच्या गावातल्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातात. उजाडायच्या आत झाडाखाली पोचावं लागतं, नाही तर गुरं आणि हरणं फुलं खाऊन टाकतात. मोह विकून वर्षाचं तेल-मीठ, पोरांचे कपडे निघतात. माझ्या कॉलेजची फी दोन वर्षं त्यातूनच गेली. पण गेल्या काही वर्षांत वाघ वाढले. वाकून मोह वेचणारी बाई वाघाला माणसासारखी दिसत नाही, असं वनरक्षक सांगतात. खरं काय ते वाघाला माहीत. वाकलेल्या बाईवर तो येतो, एवढं आम्हाला माहीत आहे.

म्हणून पहाटे वनरक्षक फेरी मारून साहेबांना फोन करायचे. नाल्याकडे पाऊल दिसलं, टेकडीकडे दिसलं, किंवा काहीच नाही दिसलं. आधीचे ग्रामसेवक रोज भोंग्यावर सांगायचे, काही नसलं तरी. साहेबांना ते पटलं नाही.

"काही नाही हे सांगायला भोंगा कशाला? काही नाही म्हणजे काही नाही. भोंगा वाजला तर थांबा. नाही वाजला तर जा. चूडु, किती सोपं आहे."

सोपं होतं. गावाला पटलं. पहाटेची झोप मोडत नव्हती.

भोंग्यात आवाज कोणाचा, यावरून मात्र दोन दिवस वाद झाला. साहेबांनी स्वतः बोलून बघितलं, तर बाया त्यांच्या उच्चाराला हसल्या. मी बोलले, तर आई म्हणाली, "तुयं आयकून तं बातम्या लागल्यासारखं वाटते. झोप येते." शेवटी आईलाच बसवलं. तिचा आवाज शेताच्या या टोकावरून त्या टोकाला जातो. मी मोबाइल समोर धरला.

"कोनाले सांगू? इथी तं कोनी नाई."

"मोबाइलले सांग."

"मोबाइल काय मोह वेचाले जाते?"

पण एकदा सुरू झाली आणि मग थांबेना. "बायांनो, नाल्याकडे जाऊ नका. वाघ हाय. आयकू आलं का? जाऊ नका मने!" असं तीन जागांचं तीनदा मोबाइलमध्ये भरलं: नाला, टेकडी आणि पेनठाण्याची बाजू, जिथे आमचे देव असतात. साहेबांनी खूप सांगून पाहिलं की 'आयकू आलं का' काढू या, त्याची गरज नाही. आई म्हणाली, "ते नाई म्हनलं तं बाया आयकतच नाई." ते राहिलं. मी ते कंप्यूटरमध्ये टाकलं, कंप्यूटरची वायर अँप्लिफायरला जोडली, आणि साहेबांना दाखवलं की कोणत्या चित्रावर क्लिक केलं की आई कुठे जाऊ नका म्हणते.

पहिल्या मोसमात चार-सहा वेळा तो वाजला. बाया अर्ध्या वाटेतून परत आल्या. त्यामुळे भरवसा बसला. भोंगा वाजण्यावर बसला, आणि न वाजण्यावरही तितकाच.

दुसऱ्या वर्षी ऐन मोहात मी एका मीटिंगला धानोऱ्याला गेले होते. मागे कंप्यूटर सुरू होता. त्यावर सारखी एक पाटी यायची, नवी सिस्टीम टाकायची का म्हणून, आणि प्रत्येक वेळी टुंग असा आवाज व्हायचा. मी ती पाटी रोज बंद करायची. मोह संपल्यावर बघू, असं माझं ठरलं होतं. त्या दिवशी साहेब एकटे होते. टुंग. फेरी मारून आले की टुंग. संध्याकाळी त्यांनी 'हो'वर क्लिक केलं. नंतर मला म्हणाले, "तो थांबला, मॅडम. रात्रभर नुसतं एक गोल फिरत होतं. एवढा शांत कंप्यूटर मी कधी पाहिला नव्हता."

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत ते राहायचे. त्या रात्री त्यांना छान झोप लागली असणार.

पहाटे आई टोपली घेऊन निघाली. रोजच्यासारखी अंगणात थोडी थांबली, ग्रामपंचायतीकडे तोंड करून. माझी काकू आणि शेजारच्या बाया रस्त्यावर उभ्या होत्या.

"काई वाजलं?" काकूने विचारलं.

"चूप हाय," आई म्हणाली. "चला."

मी रात्रीच धानोऱ्याहून परतले होते. चहा ठेवला होता, तो उकळायच्या आत साहेब आमच्या दारात. अनवाणी, धावत आलेले, हातात फोन.

"मॅडम, वाघ. नाल्यात. गार्डचा फोन आला. मी दाबलं, तीनदा दाबलं. बोलत नाही. आई कुठे?"

"गेली."

"कुठे गेली?"

"नाल्याकडेच."

मी चूल तशीच सोडली. ग्रामपंचायतीत पोचेपर्यंत साहेब माझ्या पुढेही होते आणि मागेही. कंप्यूटरचं तोंडच बदललेलं होतं. खालची पट्टी मधोमध सरकलेली, चित्रं वेगळी, सगळ्या जागा हललेल्या. मी आईच्या आवाजावर क्लिक केलं. आवाजाची हिरवी रेष वरखाली नाचायला लागली. भोंगा गप्प.

"बघा! नाचतं आहे! पण बोलत नाही!" आणि मग साहेब कंप्यूटरवर ओरडले. त्यांचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "बोल! अरे, बोल ना!"

"साहेब, एका जागी उभे राहा."

"राहता येत नाही."

"मग जा."

ते गेले. बाहेर नळाशी बांधकामाचं एक घमेलं पडलं होतं, ते उचललं, एक दगड उचलला, आणि मोटरसायकलला किक मारली. हॉर्न नव्हता. म्हणून त्यांनी इंजिनच रेस केलं, इतकं की कुत्री भुंकायला लागली. गाडी नाल्याच्या रस्त्याला लागली. थोड्या वेळाने लांबून घमेल्यावर दगड पडल्याचा आवाज यायला लागला. ठण, ठण, ठण.

मी हात चालवला. अँप्लिफायरचा लाल दिवा लागलेला होता. वायरची पिन कंप्यूटरमधून काढून तिच्या टोकाला बोट लावलं. छतावर भोंगा घुंऽऽ करून गुरगुरला. म्हणजे भोंगा ठीक, वायर ठीक, अँप्लिफायर ठीक. तसं गुरगुरणं वीज गेली-आली की रोजचंच होतं, ते ऐकून जंगलातून कोणी परतणार नव्हतं. पिन माझ्या मोबाइलला लावावी, तर माझ्या नव्या फोनला ते भोकच नाही. घरोघरी जाऊन भोकवाला फोन शोधायचा, त्यात आवाज टाकायचा, तेवढा वेळ नव्हता. माइक धानोऱ्यात.

पिन परत लावली. 'अडचण शोधा' म्हणून एक बटन होतं, ते दाबलं. एक वर्तुळ फिरत राहिलं. माझी आई वाकून फुलं वेचत असेल आणि माझ्यासमोर वर्तुळ फिरतंय. मग उत्तर आलं, कोणतीही अडचण आढळली नाही. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मग मी थांबून विचार केला. हिरवी रेष नाचते म्हणजे आवाज निघतो आहे. निघतो आहे तर कुठेतरी जातो आहे. कुठे? आवाजाच्या सेटिंगची जागा नव्या सिस्टीमने हलवली होती. तीन ठिकाणी चुकीचं उघडल्यावर ती सापडली. तिथे लिहिलं होतं, आवाज पडद्याकडे. कंप्यूटरच्या पडद्याकडे! त्या पडद्याला स्पीकरच नाही. आई इतका वेळ काचेच्या आत ओरडत होती आणि बाहेर काही येत नव्हतं.

स्पीकरचं नाव यादीत नव्हतंच. सिस्टीमने ते बंद करून दुसऱ्या एका पानावर लपवलं होतं. ते पान काढलं, त्याला सुरू केलं, परत आले, निवडलं, आवाज पूर्ण वर नेला, आणि क्लिक केलं.

"बायांनो, नाल्याकडे जाऊ नका! वाघ हाय! आयकू आलं का?"

छप्पर थरथरलं. मी ते पुन्हा पुन्हा वाजत राहील असं करून ठेवलं आणि बाहेर रस्त्यावर आले. सगळं गाव बाहेर आलं होतं. जंगलात आई आणि गावात आईचा आवाज, एकसारखा, न थकणारा. आईला आईच बोलावत होती, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी.

आधी दोन बाया दिसल्या, मग चार. मग काकू. आई सगळ्यांच्या मागे होती. टोपली अर्धीही भरलेली नव्हती, आणि चेहरा रागाने लाल.

"मायाच आवाज आयकला," ती म्हणाली. "पहिले मले वाटलं, मी इथी हाव, तं तिथी कोन हाय?"

काकू हसायला लागली आणि हसता हसता खालीच बसली. ती म्हणाली, "जातानी नाल्याची वाळू साफ होती वो. येतानी पाह्यलं तं आमच्या पावलाइवर त्याचं पाऊल. आमच्या मांगं मांगं चालून राह्यला होता तो."

भोंग्यावर आई अजून विचारत होती, आयकू आलं का. मी आत जाऊन ते बंद केलं.

साहेब सगळ्यात शेवटी आले. गाडी कुठेतरी टाकून दिलेली, हातातलं घमेलं चेपलेलं, बोटं सोललेली. बाया मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग आई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सायेब, एक इचारू? भोंगा नाई वाजला तं आमी समजतो, बरं हाय. भोंगाच बिघडला तं आमी काय समजाचं?"

त्या दिवशी साहेब ऑफिसात नाही, गावाच्या भोवती चालत होते. माझ्या टेबलावरून खिडकीतून ते मधूनमधून दिसायचे आणि जायचे. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी येऊन फळा पुसला आणि खडूने लिहिलं: उद्यापासून भोंगा वाजला तरच जा. नाही वाजला तर घरी राहा.

मला म्हणाले, "उलटं करायला पाहिजे होतं. आता बिघडला तर बिघडू दे. फार तर एक दिवसाचा मोह जाईल."

मग आईला पुन्हा बोलावलं. साहेबांनी तिला सांगितलं, म्हणा, बायांनो चला, जंगल मोकळं आहे.

"चला म्हनतो," आई म्हणाली. "मोकळं हाय नाई म्हनत."

"का?"

"मले काय मालूम, मोकळं हाय का नाई? कोनं पाह्यलं? मी म्हनन आन कोनाची पोरगी जाईन. मग?"

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मी त्यांना कधी इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "बरोबर आहे. नुसतं चला म्हणा." आईने भरून दिलं, "चला बायांनो." बस, एवढंच. त्यात 'आयकू आलं का' पण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम ऑफिसात गेले, कंप्यूटरने पुन्हा काही करू नये म्हणून. आवाज तपासला, ठीक होता. वनरक्षकांचा फोन आला. काही दिसलं नाही. बाया टोपल्या घेऊन ग्रामपंचायतीच्या अंगणात येऊन उभ्या होत्या, घरी बसून वाट बघवत नव्हती त्यांना. साहेबांनी माउसवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

"साहेब, दाबा ना."

"मॅडम, तुम्ही दाबा."

"मी काऊन? नियम तुमचा आहे."

"काल मी काही केलं नाही आणि त्या गेल्या," ते म्हणाले. "आज मी काही करेन म्हणून जातील. हे वेगळं आहे. चूडु. हे फार वेगळं आहे."

बाहेरून काकू ओरडली, "सायेब, बटन गरम हाय का? चटका लागून राह्यला?" बाया हसल्या. दुसरी म्हणाली, "तिकडं गाई मोह खाऊन गेल्या, आन इकडं सायेबाचा मुहूर्त निघून राह्यला नाई."

साहेबांनी माउस सोडला. कोपऱ्यातलं चेपलेलं घमेलं उचललं, बाहेर आले आणि बायांच्या मधून सरळ जंगलाच्या रस्त्याला लागले. सगळ्यांना वाटलं, डोकं फिरलं. थोड्या वेळाने नाल्याकडून ठण ठण ऐकू आलं, मग पेनठाण्याच्या बाजूने, मग टेकडीखालून. सूर्य वर आला तेव्हा ते परत आले, घामाघूम, पायाला काटे. आत गेले, क्लिक केलं. चला बायांनो.

मोह संपेपर्यंत त्यांनी रोज हेच केलं. वनखात्याच्या लोकांनी समजावलं, एकट्याने असं जाणं धोक्याचं आहे. साहेब म्हणाले, "त्यालाही आवाज आवडत नसणार. आमचं दोघांचं जमेल." गावाने त्यांच्या फेरीला सायेबाची वरात असं नाव ठेवलं. बाया उशीर होतो म्हणून शिव्या द्यायच्या, आणि परत आलेल्या साहेबांना पाणीही त्याच द्यायच्या. आवाजाला भिणारा माणूस पहाटेपासून घमेलं बडवत फिरतो, यावर हसणारेही होते. मी हसले नाही. त्यांचे हात मी पाहिले होते.

त्यानंतर एक मोसम अजून गेला आणि त्यांची बदली झाली, त्यांच्याच तालुक्यात, गोदावरीच्या काठच्या एका गावात. निरोपसमारंभ नको म्हणाले. सरपंचाने चाचांकडून साउंड आणायची तयारी केली होती, ती रद्द करावी लागली. जाताना मला म्हणाले, "मॅडम, बटन तुमच्याकडे." नवे ग्रामसेवक तालुक्याहून ये-जा करतात, पहाटे इथे नसतात. म्हणून खरंच ते माझ्याकडे आहे. बाया आता स्वतःच सोबतीने जातात, सगळ्यात पुढची थाळी वाजवत जाते. पण निघतात त्या भोंगा वाजल्यावरच. आणि मी रोज क्लिक करण्याआधी वनरक्षकांना दोनदा विचारते, आणि तरी हात थांबतो. अंगणात आई असते. ती माझ्याकडे बघत नाही, मुद्दाम.

ते गेल्यावर पहिल्या वर्षी मोह लागला त्या दिवशी, क्लिक करून मी खुर्चीत टेकले तोच फोन आला. साहेब.

"दाबलं?"

"दाबलं."

मग काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. कान लावला तर तिकडे श्वास ऐकू येत होता. मी हॅलो म्हटलं. उत्तर नाही. मी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि काम करत राहिले. बाया वळणावर दिसल्या तेव्हा फोन उचलून सांगितलं, "आल्या." फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मोसमभर. पुढच्या वर्षीही.

यंदा एके दिवशी बाया आल्याच नाहीत. ऊन अंगणात आलं, ऑफिसात दाखल्यांसाठी माणसं जमली, तरी रस्ता रिकामा. मी दारात जाऊन यायची, फोनकडे बघायची. तो सुरूच होता. साहेब काही विचारत नव्हते. मीच एकदा म्हटलं, "अजून नाही, साहेब." तिकडून "हं" आलं आणि पुन्हा श्वास. आता तो श्वास चालणाऱ्या माणसाचा होता. मी वनरक्षकांना फोन लावायला शेजाऱ्याचा मोबाइल मागितला. नंबर दाबत होते, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, आल्या बघ.

टोपल्या गच्च भरलेल्या. पदराच्याही झोळ्या केलेल्या. रात्री वारा सुटला होता, सगळ्या झाडांनी एकदम मोह टाकला होता, आणि तो सोडून यायला कोणाचं मन झालं नाही. मी फोन उचलून म्हटलं, "आल्या, साहेब. सगळ्या आल्या."

आई आत आली. टोपली खाली ठेवली, माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि आपल्या शेतातल्या आवाजात सुरू झाली.

"सायेब, राग नका मानू. आज लय पडला मोह, लय म्हंजे लय. त्या खालच्या झाडानं तं मायेसारखं दिलं, पाहाले पाह्यजे होते तुमी..."

कोणत्या झाडाला किती, काकूच्या पायात काटा कसा गेला, तो कोणी काढला, कोणाची सून आज पहिल्यांदा आली आणि वेचताना कशी रडली, येताना कोण कोणाशी भांडलं, ती सांगतच राहिली. मी तिला हाताने खुणा केल्या की बास, त्यांना आवाज सहन होत नाही. तिने माझ्याकडे पाठ फिरवली.

"आयकून राह्यले ना सायेब?"

मला वाटलं, फोन केव्हाचा कटला असेल. मी वाकून बघितलं. पडद्यावर वेळ सरकत होता. तिकडून त्यांनी फोन ठेवला नव्हता.